ऊन पाणी तळाला नेताना

तरणतलावावरच्या मावशींना सगळे पाठीमागे 'चौकशीबाई' म्हणत. मावशींना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या, ओल्या फरशीवर वायपर फिरवायचा, पाण्यातलं औषध तपासायचं, हे त्यांचं काम. ते करता करता समोर येईल त्याला त्या काहीबाही विचारत. "ओले केस जास्त काळे का दिसतात हो?" समोरचा बिचारा टॉवेल सावरत काढता पाय घ्यायचा.

छपराखालच्या या तलावाचं पाणी गरम केलेलं असे. सकाळी गुडघेदुखीच्या बायका तिथे व्यायामाला यायच्या. त्यांच्यात मावशींची थोरली नणंदही होती. एकदा ती शिडी चढून वर आली ती कुरकुरतच.

"वहिनी, तुझ्या तलावात वर उन्हाळा नि खाली हिवाळा. माझे गुडघे खाली आहेत गं, गळ्यात नाहीत."

मावशींनी तापमापकाला दोरी बांधून तो खाली सोडला. नणंदेचं खरं होतं. बॉयलर तर ठणठणीत होता. गरम पाणी कोपऱ्यात, तळाजवळच्या पाइपातून वर सोडलेलं होतं आणि तिथे पृष्ठभागावर कायम एक फुगवटा दिसायचा. इतकी वर्षं तो रोज दिसत होता, पण तो का येतो हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याचीच मावशींना जास्त रुखरुख लागली.

संध्याकाळी त्यांनी काचेच्या बरणीत गार पाणी घेतलं. बिनसुईच्या सिरिंजला बारीक नळी लावली, तिच्यात शाई घातलेलं गरम पाणी भरलं आणि नळीचं तोंड तळाशी नेऊन वर वळवलं. निळी धार सरळ वर गेली, पृष्ठभागाला धडकली आणि चहूकडे पसरली. खाली काही ती येईना.

"वर जाऊन चटई टाकून बसलं की हे," नणंद म्हणाली.

"आता उलटं करून बघू, वन्सं."

मावशींनी नळीचं तोंड खाली केलं. हळू दाबलं तर धार थोडी खाली गेली, घुटमळली आणि स्वतःच्याच अंगावरून परत वर आली. जोरात दाबलं तेव्हा मात्र ती तळावर आपटली, गोल पसरली आणि कडेकडेने सावकाश उठू लागली. दोघी बरणीला नाक लावून बसल्या. चहा गार झाला.

तलावाचे पंप सांभाळणाऱ्या पंपवाल्याने सगळं ऐकून घेतलं. "बरणी लहान, तलाव मोठा, मावशी. पण करून बघू."

त्याने पाइप उंच करून तोंड खाली वळवलं. पाण्यात हिरवा रंग सोडला, तर तो अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरला. मग धार जोरात यावी म्हणून पंपवाल्याने पाइपाला बारीक तोंड बसवलं. आता धार तळाला पोचते की नाही, हे वरून नीट कळेना. पाण्यात उतरणं भाग होतं.

मावशी आजवर त्या पाण्यात कधी उतरल्या नव्हत्या. नणंदेचा जादा पोशाख घालून, कठडा घट्ट धरून त्या उतरल्या, पोहण्याचा चष्मा लावला आणि डोकं पाण्याखाली घातलं. हिरवी धार फरशीवर आपटत होती. तिथून रंग जमिनीलगत सरकत आला, त्यांच्या घोट्यांना ऊब लागली आणि मग तो पोटऱ्यांभोवती पडद्यासारखा वर चढला. भान विसरून त्या बघत राहिल्या, इतक्या की नाकात पाणी गेलं. खोकत खोकत वर आल्या आणि म्हणाल्या, "पोचतंय."

सगळीकडे मात्र ते पोचलं नाही. तलावाच्या मध्यावर येईतो धारेचा दम संपे, पाणी वर उठे आणि पलीकडचा तळ गारच राही. म्हणून व्यायामाच्या बायका या कोपऱ्याकडे सरकल्या. नणंदेचे गुडघे खूश झाले. मावशीही काम संपल्यावर पाण्यात उतरू लागल्या. पोहायला नाही, बघायला.

पुढे पलीकडच्या टोकालाही असाच एक पाइप बसवायचं ठरलं. तेव्हा मावशींनी पंपवाल्याला गाठलं. "दोन्हीकडून पसरत आलेलं पाणी मध्ये एकमेकांवर आदळलं, की जाणार कुठे?"

शिडीवर बसलेली नणंद म्हणाली, "वर. दुसरी जागा आहे कुठे त्याला?"

मावशींना ते पटलं. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मान डोलावणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.