मातीसकट गाजरं

टॅम्सिन हॅलोरन शनिवारच्या बाजारात गाजरं मातीसकट विकत असे. डोंगरातल्या त्या गावात वीगन घरं बरीच. मुलांच्या आया तिच्याचकडे येत.

"घासू नका, नुसती झटका," ती सांगायची. "व्हिटॅमिन बी-१२ मातीतच असतं. गोळ्यांची भानगड कशाला?"

पुरावा शेजारीच उभा असे. तिची मुलगी रेन, सहा वर्षांची, गुटगुटीत. मांस नाही, अंडं नाही, गाईचं दूध नाही, गोळी नाही. तरी रक्त तपासलं की सगळं उत्तम.

टॅम्सिन स्वतः खाटकाची मुलगी. लहानपणी तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं कोकरू एका रविवारी ताटात आलं, आणि ते काय होतं हे तिला जेवण झाल्यावर सांगण्यात आलं. तेव्हापासून तिने मांस सोडलं. रेन झाली तेव्हा आईला, नोरीनला, तिने एवढंच बजावलं, "माझ्या मागे तिला काही भरवायचं नाही."

"तुझी मुलगी, तुझे नियम," नोरीन म्हणाली होती. बुधवारी शाळा सुटली की रेन आजीकडे जेवायची.

या शनिवारी तिची नेहमीची गिऱ्हाईक मेरिन आली ती पिशवी न घेता. तिचा मुलगा आर्लो चालताना अडखळत होता, पाय बधिर झाले होते. डॉक्टरांनी बी-१२ ची कमतरता सांगून इंजेक्शनं सुरू केली होती.

"तू म्हणालीस म्हणून मी गोळ्या बंद केल्या," मेरिन हळू आवाजात म्हणाली आणि निघून गेली.

बुधवारी टॅम्सिन आईकडे गेली. नोरीन बटाटे सोलत होती.

"आई, माझं डोकंच चालत नाही. तीच गाजरं, तीच माती. रेन ठणठणीत आणि आर्लोचे पाय बधिर. असं कसं?"

नोरीनने सुरी खाली ठेवली. "रेन इथे कलेजी खाते. कांद्याच्या रश्श्यात. दर बुधवारी. बी-१२ त्यातून मिळतं, मातीतून नाही."

टॅम्सिनने विचारलं, "तिला ठाऊक आहे, काय खाते ते?"

"आहे. तिला सांगून दिलं. तुझ्या वेळची चूक पुन्हा केली नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू बुधवार बंद केला असतास. गोळी चालत नाही, अंडं चालत नाही. पोरीने काय तुझ्या मातीवर जगायचं?"

"आणि रेन? तीही कधी बोलली नाही?"

"मीच म्हटलं, मम्मीला सांगू नकोस."

"मी गावभर सांगत सुटले, आई. तुझ्या कलेजीच्या जोरावर."

"मला वाटलं, लोक डॉक्टरला विचारत असतील," नोरीन पुटपुटली.

मागचं दार वाजलं. रेन दप्तर घेऊन आत आली आणि आईला पाहून थबकली. मग तिने आजीकडे पाहिलं, आज काय बोलायचं ते विचारल्यासारखं.

ती नजर टॅम्सिनला सोसवेना. तिने मुलीची कॉलर नीट केली.

"जेव तू," ती म्हणाली. "आजीने केलंय ते जेव."

"तू कुठे चाललीस?" नोरीनने विचारलं.

"मेरिनकडे. तिला खरं सांगायला."

गाडीत मागे गाजरांची खोकी तशीच होती. ती तिने आईच्या अंगणात उतरवली आणि गाडी सुरू केली.