सात टेबलांची एकच पूजा

चहा आधी संपवून घ्या. हे ऐकताना तुम्ही हसणार आणि कप माझ्याच चादरीवर सांडणार. मला मात्र यात हसण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही.

मी देऊळगाव राजातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात क्लार्क. कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, म्हणून त्यांचा सगळा कारभार माझ्या गळ्यात. आमचे सात कॉम्प्युटर म्हणजे सात आजारी म्हातारे! एकाला व्हायरस, एकाचा पंखा घुरघुरतो, एक उन्हाळ्यात डोळाच उघडत नाही. शेवटी मी प्राचार्यांच्या मागे लागलो. म्हटलं, सर, थिन क्लायंट घ्या. टेबलावर स्क्रीन आणि पानाच्या डब्याएवढा डबा, खरं मशीन आतल्या खोलीत एकच. तिथून मी सातही टेबलं सांभाळतो.

हेडक्लार्क कमलताईंना हे पटलं नव्हतं. ज्याचं त्याच्याजवळ असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. पण मी ऐकतो होय? मशीन बसल्यावर मी सगळ्यांना उभं करून भाषणच ठोकलं. हे डबे म्हणजे काही नाही, यांच्यात जीव नाही, जीव आतल्या खोलीत. तुमचा, माझा, सगळ्यांचा कॉम्प्युटर आता एकच. मी एक बटण दाबलं की सातही बंद! आणि दाबून दाखवलंसुद्धा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, छाप पडली.

अहो, छाप कसली, ते सगळं मनावर घेत होते.

मग आला दसरा. ऑफिसची पूजा आदल्या दिवशी. आता पूजेला ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पूर्वी त्याची अडचण नव्हती. ज्याचं काम उरकलं तो आपल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून मोकळा व्हायचा, ज्याचं राहिलं तो संध्याकाळी लावायचा.

यंदा सकाळी अकरालाच कमलताई ताट घेऊन निघाल्या त्या सरळ आतल्या खोलीकडे, आणि मागे सगळं ऑफिस. मी विचारलं, टेबलांचं काय?

"डब्यात जीव नाही म्हणे ना भाऊ? तुमीच सांगतलं. जिथं जीव, तिथं पूजा."

म्हटलं, चला. त्यातून पूजेचा मान मला दिला, मग तर माझी छाती वीतभर फुगली. मी ऐटीत एका बटणावर सातही टेबलं बंद केली, मशीन बंद केलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, बाहेर येऊन नारळ फोडला.

अर्ध्या तासात ऑफिस ओस पडलं. प्राचार्य बुलढाण्याला गेलेले, बाकीचे कोणी बालाजीच्या यात्रेत, कोणी गावाकडे. मी भाकरीचं फडकं सोडून पहिला घास मोडतोय, तर दारात बारावीची अकरा पोरं. परीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख, सहाला साइट बंद होणार.

घास तसाच राहिला. हे फॉर्म भरायचं काम माझंच होतं. पूजेच्या थाटात साफ विसरलो होतो! आणि त्या अकरांत अकरावा कोण? आमचा पोरगा सोहम. घरचाच आहे, शेवटी भरू, म्हणून मीच त्याचा फॉर्म मागे ठेवलेला.

मी आतल्या खोलीकडे धावलो. कमलताई अजून तिथेच आवराआवर करत होत्या. त्यांनी विचारलं, कुठे चालले?

"मशीन लावतो ताई. पोराईचे फॉर्म राह्यले."

"तुमचं एकट्याचं असतं तर मी काऊन अडवलं असतं? पण त्याच्यात माह्यंही हाय, बाकी पाच जणाईचंही हाय. त्याईले इचारा, मंग मोडा पूजा."

मी पाच फोन लावले. तिघांना यात्रेच्या गोंगाटात काही ऐकूच जाईना. चौथ्याच्या बायकोने उचलला. म्हणे, पूजा मोडली आणि आमच्या यांच्या नोकरीला काही झालं तर? पाचवा म्हणाला, खुशाल मोडा, पण वर्षभरात माझं काही बिघडलं की नाव तुमचं.

खरं सांगू? तरीही माझा हात स्विचपर्यंत गेला. समोर कुंकू अजून ओलं होतं. मी विज्ञानाचा पदवीधर, पण बोट काही पुढे सरकेना. स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

गावातली नेटची दुकानं यात्रेपायी बंद, माझा फोन साधा बटणांचा, पोरांकडे तोही नाही. शेवटी कमलताईंनीच पोरांना बाकावर बसवलं आणि स्वतःच्या मोबाइलवर एकेक फॉर्म भरायला घेतला. मी चाचरत विचारलं, ताई, मोबाइलची पूजा नाही केली का?

"त्याची संध्याकाळी करीन. तो माह्या एकटीचा हाय."

त्यांनी आधी सोहमचा भरू म्हटलं. मीच नको म्हणालो. चूक माझी, आणि माझ्याच पोराला पुढे घालू? कोणत्या तोंडाने? साइट रांगत होती. दहावा फॉर्म गेला तेव्हा सहाला चार मिनिटं कमी. सोहमचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख टाकून झाली आणि साइट बंद. पोरगं दप्तर उचलून घरी निघालं. भांडलं असतं तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर प्राचार्यांनी मार्ग काढला. उशिराचा फॉर्म घेतील, पण पालकाने कारण लिहून अर्ज द्यायचा आणि ते कारण खरं असल्याचा दाखला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने जोडायचा.

मी पालक म्हणून अर्ज लिहिला: "संबंधित कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे माझ्या मुलाचा फॉर्म वेळेत भरला गेला नाही." मग खुर्ची सरकवून दुसरा कागद घेतला आणि खाली शिक्का मारून सही केली: "वरील मजकूर सत्य आहे. सदर कर्मचाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो."