पेटीवाल्या चाचांचा खांदा

मोबाइल फोनशी भांडून जिंकलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो वरूडला राहत होता. सगळा गाव त्यांना पेटीवाले चाचा म्हणायचा. संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकण्यात आणि भरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. संत्रं तळहातावर घेतलं की ते पेटीच्या कुठल्या थरात बसणार हे आपल्याला डोळे मिटून कळतं, असं ते सांगत. मी ते कधी पडताळून पाहिलं नाही, कारण माझी त्यांची ओळख झाली तोवर तळहातावर घ्यायला फारशी संत्रीच उरली नव्हती. त्या वर्षांत बोअरवेल कितीही खोल नेल्या तरी धूळच वर यायची. उभ्या बागा वाळल्या, करवतीखाली गेल्या, आणि संत्र्याची लाकडं चुलीसाठी विकायला आली. जो थोडा माल निघे तो प्लास्टिकच्या क्रेटमधून जाई. चाचांची शेड बंद पडली. एके दिवशी तिथल्या रिकाम्या पेट्यांच्या थप्पीवरून ते खाली पडले, महिनाभर हात गळ्यात बांधून बसले, आणि झोळी सोडली तेव्हा उजवा खांदा असा आखडला होता की डोक्यावर टोपी ठेवायलाही डावा हात लागत होता.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. लांबच्या पेशंटांना दर आठवड्याला एसटीने यायला लागू नये म्हणून दवाखान्याने एक नवी सोय काढली होती. पेशंटच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकायचं, मोबाइल भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्याच्यासमोर उभं राहून व्यायाम करायचा. कॅमेऱ्याला हात दिसायचा, पडद्यावर काड्यांचा एक माणूस तसाच हात हलवायचा, आणि एका बाईचा आवाज मराठीत आकडे मोजायचा. बारा आठवड्यांचा कार्यक्रम होता. दर बुधवारी अकरा वाजता मी व्हिडिओ कॉल करून दहा मिनिटं चौकशी करायची, एवढंच माझं काम.

चाचांचं या अ‍ॅपशी पहिल्या दिवसापासून वाजलं. व्यायामाआधी अ‍ॅप दुखणं किती आहे हे विचारी, आणि शून्यापासून दहापर्यंत हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची रांग दाखवी. त्यातला तीन आकड्याचा चेहरा हुबेहूब आपल्या साल्यासारखा दिसतो, असं चाचांचं ठाम मत होतं. या साल्याशी त्यांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. त्यामुळे दुखणं तीन असलं तरी ते दोन दाबत, नाहीतर चार. तीन कधीच नाही. त्यांच्या दुखण्याच्या आलेखात मधली एक पायरी गायब का, हे समजायला मला तीन बुधवार लागले. आवाजातल्या बाईला ते आधी सलाम करत. ती 'शाब्बास' म्हणाली की शुक्रिया म्हणत, आणि व्यायाम संपला की जेवण झालं का, हेही विचारत. ती उत्तर देत नाही याचं त्यांना वाईट वाटे. पण कामावर असलेल्या बाईला बोलायला सवड कुठून मिळणार, अशी समजूत त्यांनी काढून घेतली होती.

खरं भांडण मोजणीवरून झालं. चाचांनी पंधरा वेळा हात वर केला की बाई बारा म्हणायची. ज्यानं आयुष्यभर थरावर थर मोजून पेट्या भरल्या, त्याला मोजणी शिकवणारी ही कोण? ते व्यायाम थांबवून तिला सगळा हिशेब पुन्हा ऐकवत, आणि तेवढ्यात वेळ संपून अ‍ॅप बंद पडे. मी आधी हसण्यावारी नेलं. मग एका कॉलमध्ये नीट पाहिलं, तर चाचांच्या खोलीची भिंत हिरवी, त्यांचा आवडता सदराही त्याच हिरव्या रंगाचा, आणि हात वर गेला की कॅमेऱ्याला तो भिंतीत विरघळलेला दिसे. सदरा बदला म्हटलं, तर म्हणाले, हा बायकोनं शिवलेला आहे, बदलायचं असेल तर मोबाइलनं बदलावं. मी अ‍ॅपवाल्यांना कळवलं. महिन्याभरानं त्यांनी खरोखर काहीतरी दुरुस्त केलं आणि मोजणी बरोबर येऊ लागली. बाईनं आपली माफी मागितली, असं चाचा गावभर सांगत फिरले.

दहा मिनिटांचा कॉल कधी पाऊण तासाचा झाला ते मला कळलं नाही. मुलगा सुरतेला, मुलगी नागपूरला, बायको जाऊन चार वर्षं झालेली, हे सगळं मला न विचारता समजलं. आपण एकटे आहोत असं ते कधी म्हणाले नाहीत. फक्त मी 'बरं, ठेवू मग?' म्हटलं की त्यांना हटकून आणखी एखादं दुखणं आठवे. मानेचं, मनगटाचं, एकदा तर दाताचं.

सातव्या आठवड्यापासून एक गंमत होऊ लागली. कॅमेऱ्याच्या मोजमापात चाचांचा हात चांगला वर जात होता. चेहऱ्यांच्या रांगेत मात्र ते आठ दाबत, कधी नऊ. हालचाल सुधारते आहे आणि दुखणं वाढतं आहे, हे माझ्या शिक्षणात बसेना. आत काही फाटलं असेल, या विचारानं मी घाबरले. मोर्शीला आमचं शिबिर होतं, ते आटोपल्यावर न कळवताच तशीच पुढे वरूडला गेले.

शेडचं दार उघडं होतं. चाचा स्टुलावर उभे राहून उजव्या हातानं, डोक्याच्याही वर, फळीवर एक पेटी चढवत होते. पेटी जागेवर बसवली, तिच्यावर थाप मारली, आणि वळून पाहिलं तर दारात मी.

ते सावकाश खाली उतरले. स्टूल पुसून माझ्याकडे सरकवलं.

"चाचा, खरं सांगा, किती दुखतं?"

"नाई दुखत," ते म्हणाले. "महिना झाला, बिलकुल नाई दुखत."

"मग आठ-नऊ काहून दाबता?"

ते खाली पाहत होते. "बरा झालो तर तुमी फोन करान काय, बेटा?"

मला रागवायचं होतं. मोर्शीची एक कापूस वेचणारी बाई दीड महिन्यापासून यादीत थांबली होती. तिला दोन्ही हातांनी वेणी घालता येत नव्हती, आणि कुणाचा तरी नंबर रिकामा झाल्याशिवाय तिला घेता येत नव्हतं. मी चाचांना तेवढंच सांगितलं. ते ऐकून उठले, मोबाइल घेऊन आले आणि माझ्यासमोर शून्याचा चेहरा दाबला. "तिले घ्या," म्हणाले. "तिच्या घरी काम असंल." त्याच दिवशी मी त्यांची फाइल बंद केली. 'पूर्ण बरे' असा शेरा लिहिला.

फाइल बंद झाली तरी बुधवारी फोन करीन, असं मी निघताना कबूल केलं होतं. चार-पाच बुधवार केलाही. मग माझी अकोल्याला बदली झाली. जठारपेठेत एका दुकानावरची खोली घेतली. नवा दवाखाना, नवे पेशंट, संध्याकाळी एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा. बुधवार येत होते, जात होते. आज उशीर झाला, उद्या करू, असं म्हणता म्हणता आठ महिने गेले.

ईदच्या दिवशी मात्र मी व्हिडिओ कॉल लावला. चाचा खुलले. मी खीर खायला आले नाही म्हणून तक्रार केली, अकोल्याचा उन्हाळा कसा म्हणून विचारलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्यांचा डावा हात मांडीवर पडला आहे तो पडलाच आहे. माशी डाव्या गालावर बसली, तीही त्यांनी उजव्या हातानं हाकलली. मी म्हटलं, डावा हात वर करून दाखवा. त्यांनी बागेचा विषय काढला. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी केला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला, आणि त्यांचा चेहरा त्या रांगेतल्या कुठल्याच चेहऱ्यासारखा राहिला नाही.

एक खांदा आखडलेल्या माणसाचा दुसराही आखडू शकतो. पुस्तकात असतं ते. पण चाचांना दुखायला लागून चार महिने झाले होते. चार महिने त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, सदऱ्याच्या बाहीत हात जात नव्हता.

"मले सांगायचं नाही काय?" मी ओरडलेच जवळजवळ.

"एक बार झूठ बोललो होतो नं," ते म्हणाले. "आता खरं कोण मानंल?"

पुढच्याच आठवड्यात त्यांना अकोल्याला बोलावलं. तपासलं, डॉक्टरांकडून खांद्यात सुई देववली, आणि इथल्या दवाखान्यातून अ‍ॅपमध्ये नव्यानं नाव घातलं. या वेळी आठ असलं की ते पाच दाबत. मी रागावले की म्हणत, जास्त सांगितलं तर तुमाले शक येईल. मी त्यांचे आकडे बघणंच सोडून दिलं. नुसतं बोलता बोलता हात कुठवर जातो ते पाहत असे. खांदा सुटायला वर्ष लागलं. हळूहळू ते कधीमधी तीनसुद्धा दाबू लागले. साल्याशी बोलणं सुरू झालं होतं की काय, ते मी विचारलं नाही.

परवाच्या बुधवारी चाचा तासभर बोलले. कुणीतरी नव्या बागेची कलमं लावली आहेत, त्यांना पाणी कुठून आणणार. सुरतेच्या नातवाला मराठी येत नाही, त्याच्याशी फोनवर काय बोलावं. मग मी माझं सांगितलं. आईचं, बदलीचं, खालच्या दुकानातल्या कुत्र्याचं, जे मी अकोल्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. फोन ठेवला आणि लक्षात आलं, खांद्याचं विचारायचं राहूनच गेलं. त्यांनीही काढलं नव्हतं. पुन्हा लावावा म्हणून मी मोबाइल उचलला, तसाच खाली ठेवला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. पुढचा बुधवार यायला अजून सात दिवस होते.