टायमावसा आणि माझी वाकडी गाठ

मे महिन्यात नांदेडच्या बसस्टँडवर उतरलेला माणूस आधी रुमाल भिजवून डोक्याला बांधतो. आमचा साडू सुधाकर मात्र तसल्या उन्हात टायची गाठ सारखी करत उतरायचा. औषध कंपनीच्या नोकरीत लोहा, चाकूर, शिरूर अनंतपाळ असा डॉक्टरांच्या दारोदार फिरला, तेव्हा टाय गळ्यात आला. पुढे नोकरी सुटली, पण टाय काही सुटला नाही. उलट त्याने त्याचाच धंदा मांडला. हैदराबादच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात जायचं, गठ्ठे उपसायचे, त्यातून इटलीचे, फ्रान्सचे भारी रेशमी टाय शोधून आणायचे, निगा राखून नांदेडात विकायचे. मुलाखतीला निघालेली पोरं, परिषदेला जाणारे डॉक्टर आणि नवरदेव ही त्याची गिऱ्हाइकं. घरातली पोरं त्याला टायमावसा म्हणत. मी मनातल्या मनात काय म्हणे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वास्तविक थोरला जावई मी. लातूरला कायमची सरकारी नोकरी, स्वतःचं घर, डोक्यावर त्या वेळी केससुद्धा होते. पण लोह्याच्या सासुरवाडीत मी गेलो की 'आले का' म्हणत, आणि तो आला की 'आले, आले' म्हणत. हा फरक ज्याला कळतो, त्याला माझं दुःख वेगळं सांगायला नको.

दुसऱ्याच्या गळ्यातली वस्तू आपल्याकडे कोण घेतो, धंदा बुडणार, अशी माझी आशा होती. सासूबाईंनाही ते पटत नव्हतं. त्यांनी एकदा चाचरत विचारलंच, "मेलेल्या माणसाचा तर न्हाई ना हो हा?"

"असंल बी, मामी," सुधाकर शांतपणे म्हणाला. "पण तो मेला तवा टाय कपाटात होता."

सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना एकदाही हसवू शकलो नव्हतो.

टायला तो पाणी लावू द्यायचा नाही. तेलाचा डाग पडला तर त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर तसाच ठेवायचा. सुरकुत्या चहाच्या वाफेवर धरून काढायचा, इस्त्री जवळही येऊ द्यायचा नाही. आमच्याकडे टाय बांधता येणारा माणूस गावात एखादा. त्यामुळे नवरदेव एकदा बांधलेली गाठ जन्मभर तशीच ठेवतात, फास डोक्यातून काढतात आणि खिळ्याला अडकवतात. सुधाकरला याचा भारी राग. टाय विकला की गिऱ्हाइकाच्या कॉलरवरची नसलेली धूळ झटकायचा आणि बजावायचा, "संध्याकाळी आठवणीनं गाठ सोडायची. रेशमाला बी झोपू द्या की."

धोंड्याच्या महिन्यात एकदा आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो होतो. त्याच्या टायच्या मागच्या बाजूने एक सैल दोरा लोंबत होता. जुना माल कसा असतो ते सासूबाईंना दिसावं, या शुद्ध हेतूने मी तो ओढला. टायची मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. तो दोरा मुद्दाम सैल सोडलेला असतो, त्यावरच टाय ताण सोसतो, हे मला नंतर कळलं. सुधाकरने सुई मागून घेतली आणि जेवण थांबवून तिथेच शिवण घातली. सासूबाई त्याच्या ताटात आणखी दोन धोंडे वाढून गेल्या. मला कुणी भातही विचारला नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझा मुलगा ओंकार मुलाखतीआधी नांदेडला जाऊन टाय बांधून घ्यायला लागला. नोकरी लागली तेव्हा त्याने पहिला फोन टायमावसाला केला. मला ती बातमी सुधाकरने कळवली, वर "अभिनंदन, भाऊसाहेब" असंही म्हणाला. त्या दिवशी मी ठरवलं, ओंकारच्या लग्नातला टाय मीच बांधायचा.

मोबाइलवर बघून बघून मी पाण्याच्या घागरीच्या गळ्यात सराव सुरू केला. बायकोने दोन-चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "घागरीचं लगीन काढून राहिले का?"

लग्न लातूरला होतं. टाय अर्थात सुधाकरनेच दिलेला, गर्द मरून, बारीक ठिपक्यांचा. एक डॉक्टर मागे लागले होते तरी त्याने तो विकला नव्हता. नवरदेवाच्या खोलीत सगळे टायमावसाची वाट बघत होते आणि त्याची बस अजून अहमदपूरलाच होती. मी टाय उचलला. ओंकारने माझ्या हाताकडे असं पाहिलं, जणू मी इंजेक्शन भरून आणलंय. पण मान पुढे केली.

तासाभराच्या सोडबांधीनंतर गाठ झाली. एका कानाकडे झुकलेली, आणि टोक पट्ट्याच्या बरंच वर थांबलेलं. तेवढ्यात सुधाकर आला. बायको घाईने म्हणाली, "सुधाकरराव, तेवढी गाठ बघा की." तो ओंकारजवळ गेला, वाकून नीट पाहिलं, कॉलरवरची नसलेली धूळ झटकली.

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. "बापानं बांधलीय. हिला मी हात लावणार न्हाई."

मंडपभर दिवसभर एकच चर्चा, टायमावसाचं मन किती मोठं. माझ्या गाठीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पंगतीत तो माझ्याशेजारी बसला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, "रुंद बाजू अजून चार बोटं खाली सोडून सुरू करा, भाऊसाहेब. बाकी हात बरा हाय." मला जिलेबी कडू लागली.

गेल्या वर्षी बसमधून उतरता उतरता सुधाकर छातीत कळ येऊन गेला. दवाखान्यात त्याच्या गळ्यातला टाय कुणीतरी घाईघाईने ओढून काढला होता, गाठीसकट. मेहुणीने तो माझ्या हातात दिला, काय करायचं ते तिला सुचेना. मी तिथल्या बाकावर बसून गाठ सोडली. बराच वेळ लागला.

यंदा त्याच्या मुलीचं, गौरीचं लग्न झालं. जावयाचा टाय आपणच बांधणार, असं तो ती शाळेत होती तेव्हापासून सांगायचा. मेहुणीने त्याच्या ट्रंकेतला एक निळा टाय काढला आणि माझ्यासमोर धरला. मी रुंद बाजू चार बोटं खाली सोडून सुरुवात केली. गाठ सरळ बसली, टोक नेमकं पट्ट्यावर आलं. मेहुणीने पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अगदी ह्यांच्या हातची वाटते."

आयुष्यात एक गाठ सरळ बसली, तर तीही त्याच्याच नावावर गेली.

मी नवरदेवाच्या कॉलरवरची नसलेली धूळ झटकली. म्हणालो, "पाहुणे, संध्याकाळी आठवणीनं गाठ सोडायची."