तिसऱ्या दालनाचा व्हॉल्व्ह

गिरणीच्या नव्या मालकाने झेकोला परत बोलावलं ते काही प्रेमापोटी नव्हे. पंपघरातलं जुनं डिझेल इंजिन दुसऱ्या कुणाकडूनच चालू होईना. दोन मेकॅनिक येऊन हात काळे करून गेले. शेवटी टायरच्या गोदामातला गांचो मालकाला म्हणाला, "साहेब, ते म्हातारं इंजिन फक्त झेकोचंच ऐकतं. पण झेको कोण ते आधी विचारून घ्या."

मालकाने विचारलं नाही. तो बाहेरगावचा होता. आम्हा स्लिव्हेन गावच्या लोकांना मात्र झेको कोण ते चांगलं ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी याच लोकरीच्या गिरणीत, तिसऱ्या दालनाला आग लागली, तेव्हा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला विसरलेला पंपवाला. त्याच्यामुळे रूसी नावाचा मुकादम मेला. निदान कोर्टाने तसं म्हटलं होतं आणि ते म्हणताना माझ्या साक्षीचा आधार घेतला होता.

मी मिंचो. गिरणीत वायरमन होतो, अजूनही त्याच आवारात आहे. गिरणी बंद पडून आता तिथे शिवणाचे कारखाने, गोदामं, एक व्यायामशाळा असं काय काय झालंय. झेको आणि मी एकाच इमारतीत राहतो, तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. बारा वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांना "नमस्कार" म्हणत होतो. त्याच्या पुढे एक शब्द नाही.

आग लागली त्या दिवसाचं सांगतो. मार्च महिना, सकाळची पाळी. तिसऱ्या दालनात लोकर पिंजायची यंत्रं होती. छताच्या तुळयांवर लोकरीची धूळ बोटभर साठलेली, तिनेच पेट घेतला. रूसी पिंजाऱ्यांचा मुकादम. त्याने बायकांना बाहेर काढलं, भिंतीवरचा पाण्याचा पाइप ओढला आणि आत शिरला. पंप सुरू झाला होता. दोनेक मिनिटं पाणी जोरात आलं. मग पाइप मऊ पडला, नुसता लोळायला लागला. रूसी आतून ओरडत होता, "पाणी! पाणी सोडा रे!" मी पंपघराकडे पळालो. दारातून बघतो तर झेको तिसऱ्या दालनाच्या व्हॉल्व्हच्या चाकात लोखंडी पहार घालून सगळ्या अंगानिशी ते फिरवत होता. तेवढं पाहिलं आणि मी वीज तोडायला धावलो. छत खाली आलं तेव्हा रूसी आतच होता.

कोर्टात मला विचारलं, "तुम्ही पाहिलंत तेव्हा आरोपी चाक फिरवत होता का?"

मी म्हणालो, "हो."

"पाइपातलं पाणी जाऊन तेव्हा किती वेळ झाला होता?"

"तीन-चार मिनिटं."

झालं. व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नव्हता, आग लागल्यावर याला आठवण झाली, असा अर्थ निघाला. चाकावर पहारीचे ओरखडे सापडले, तेही त्याच्याच विरुद्ध गेले. झेको सांगत राहिला, "चाकातला दांडा वरच होता, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच होता. दर आठवड्याला मी स्वतः बघत होतो. पाणी का जात नाही कळेना, म्हणून पहार घातली." दोन वर्षांची शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवली, तुरुंगात जावं लागलं नाही. नोकरी गेली. पुढे काही वर्षं त्याने पीचच्या बागांमध्ये छाटणी केली, फळांच्या पेट्या उचलल्या. आधी तो बडबड्या होता, लग्नाकार्यात गाणारा. नंतर त्याचा आवाज कसा होता हेच मी विसरलो.

गिरणीत परत आला तेही तसाच. दर गुरुवारी यायचा, इंजिनाचं हँडल मारायचा, चौथ्या झटक्याला ते धूर ओकत सुरू व्हायचं, दहा मिनिटं चालवायचा आणि जायचा. शेजारच्या इलेक्ट्रिक पंपाच्या शाफ्टमधून पाण्याची धार लागलेली असायची, तो तिच्याखाली बादली सरकवायचा. मालकाला सांगायचा, "हा पंप पन्नास वर्षांचा आहे. आग लागली तर यावर विसंबू नका." मालक मान डोलवायचा.

शेवटी विमा कंपनीनेच बजावलं की नवे पंप बसवा, नाहीतर विमा विसरा. मग प्लोव्हदिव शहरातून बिस्त्रा नावाची इंजिनिअर आली. पस्तिशीची, केस बारीक कापलेले, बोलायला चुरचुरीत. पहिल्याच दिवशी तिने झेकोला विचारलं, "काका, या पंपाची शेवटची चाचणी कधी झाली?"

"गेल्या गुरुवारी."

"ती कशी करता?"

"चालवतो. दाबाचं घड्याळ बघतो. आठवर काटा जातो. बंद करतो."

"पाणी बाहेर सोडून?"

"नाही. तसं कधीच करू दिलं नाही. आवारात चिखल होतो म्हणायचे."

बिस्त्रा कपाळावर हात मारून म्हणाली, "तोंड बंद करून पंप चालवला तर काटा आठवरच जाणार ना हो! कुलूप लावलेल्या दाराला धक्का मारल्यासारखं आहे ते. पाणी पलीकडे पोचतंय की नाही हे कसं कळणार?"

"नाही कळत," झेको म्हणाला. "मला माहीत आहे ते."

तिला जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. मी कोपऱ्यात वायरी सोडवत होतो, माझा हात थांबला.

नवा इलेक्ट्रिक पंप, नवं डिझेल इंजिन आणि पाइपांत कायम दाब धरून ठेवणारा एक छोटा पंप, असा सगळा सरंजाम यायचा होता. त्याआधी जुनं सगळं उखडायचं. तिसरं दालन आगीनंतर पाडून टाकलं होतं, त्याच्या पाइपाचं तोंड जमिनीतच बुजवलेलं. पंपघरातला त्याचा व्हॉल्व्ह मात्र जागच्या जागी होता. बारा वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. चाकावरचे ओरखडे तसेच.

मंगळवारी दुपारी कामगारांनी त्याचे बोल्ट कापले आणि साखळीने तो खाली उतरवला. बिस्त्रा वाकून आत बघायला लागली, मग तिने बॅटरी मागितली.

"अरे, हा तर बंद आहे," ती म्हणाली. मग तिने वरचा दांडा पाहिला. "पण दांडा पूर्ण वर आहे. हे कसं?"

तिने वरचं झाकण खोलायला लावलं. आतलं लोखंडी गेट, म्हणजे पाणी अडवणारी झडप, खाली पडून वाट अडवून बसलं होतं. गेटाला दांड्यात अडकवणारा कान गंजून तुटला होता. दांडा एकटाच वर गेला होता. चाक कितीही फिरवा, गेट हलणार नव्हतं.

"आधी कुठेतरी लटकून राहिलं असणार," बिस्त्रा म्हणाली. "पंपाचा जोर बसला, हादरलं आणि पडलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, व्हॉल्व्ह उघडा आहे. असं मी एकदाच पाहिलंय." तिने मान वर केली. "काय झालं? तुम्ही दोघं असे का बघताय?"

मी झेकोकडे पाहिलं. त्याने बोटाने तो तुटलेला कान चाचपला. गंज बोटाला लागला, तो त्याने विजारीला पुसला.

"दोन मिनिटं पाणी आलं होतं," तो म्हणाला. "मग पडलं." आणि पुढे विचारलं, "हे कुठे ठेवायचं? भंगारात?"

"भंगारात?" मी ओरडलो. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग मीच बिस्त्राला सगळं सांगितलं. नंतर तिने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, व्हॉल्व्ह खोलीत ठेवून कुलूप घातलं आणि दोन पानी अहवाल सही करून दिला.

झेकोने घरी काहीच सांगितलं नाही. तीन दिवसांनी त्याची बायको याना मला जिन्यात भेटली आणि मी बोलून गेलो. ती पायरीवरच बसली. "तीन दिवस माझ्यासमोर बसून डाळीचं सूप पितोय," ती म्हणाली, "आणि म्हणतो, मीठ कमी आहे." मग रडायला लागली.

रूसीच्या बायकोकडे मीच गेलो. कुनावहिनी आता सत्तरीची आहे, बाजारामागे एकटी राहते. अहवाल वाचून दाखवला. तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला.

"म्हणजे त्याने उघडला होता?"

"हो, वहिनी."

"बारा वर्षं मी पावाच्या दुकानात त्याला पाहिलं की तोंड फिरवायची," ती म्हणाली. "एकदा त्याच्यासमोर थुंकलेसुद्धा. तो रांग सोडून निघून गेला. आता मी काय करू, मिंचो? तेवढंच तर होतं माझ्याजवळ करायला."

रविवारी ती झेकोच्या घरी आली, मलाही बरोबर घेतलं. यानाने कॉफी ठेवली. कुणीच प्यायलं नाही.

"झेको," कुनावहिनी म्हणाली, "तो ओरडत होता तेव्हा तुला ऐकू येत होतं?"

"इंजिनाच्या आवाजात नाही. मी दाबाचं घड्याळ बघत होतो. काटा आठवर होता. मला वाटलं, त्याला भरपूर पाणी मिळतंय. मग कुणीतरी धावत येऊन सांगितलं, पाणी नाही. तेव्हा पहार घातली."

"मग हे जोरात का नाही सांगितलंस सगळ्यांना?"

"महिनाभर सांगितलं. मग मलाच वाटायला लागलं, कदाचित विसरलोही असेन. पुढे पुढे तर मला स्वप्नात दांडा खालीच दिसायचा."

कुनावहिनीने आपला हात टेबलावर त्याच्या हाताजवळ ठेवला, हातावर नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला तुझं गाणं आवडायचं," आणि उठली. झेको तिला खालपर्यंत सोडून आला. पावाच्या दुकानात ती आता त्याच्याशी बोलते. हवापाण्याचंच, पण बोलते.

यानाने वकील गाठला. अहवाल, फोटो, बिस्त्राची साक्ष, सगळं कोर्टात गेलं. दीड वर्षाने निकाल आला की झेकोचा दोष नव्हता. तोवर नवे पंप बसले होते. बिस्त्राने मालकाला अटच घातली होती की वर्षातून एकदा पाणी पूर्ण सोडून चाचणी होणार, चिखल झाला तरी, आणि ती झेकोकाकाच करणार.

पहिल्या चाचणीला आवारात पाण्याचा असा लोंढा आला की गांचो टायरवर चढून ओरडायला लागला, "अरे, मासे सोडा आता यात!" शिवणाच्या बायका खिडकीतून हसत होत्या. झेको हातात वही घेऊन आकडे लिहीत होता. पंप बंद झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. दीड वर्षं मनात ठेवलेलं शेवटी बोललो.

"झेको, मी कोर्टात..."

"तू पाहिलंस तेच सांगितलंस."

"तुला माझा राग नाही आला?"

"आला होता. खूप." त्याने वही मिटली. "निकाल आला त्या दिवशी मी शोधला तो. म्हटलं, आता तरी निघेल, राग नाहीतर आनंद. काहीच नव्हतं रे. याना रडत होती, मी तिच्याकडे बघत उभा होतो."

"होईल हळूहळू," मी म्हणालो.

"होईलही," तो म्हणाला. आवारातलं पाणी गटाराकडे ओसरत होतं. त्याने कोपऱ्यातला खराटा उचलला, दुसरा माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघं चिखल लोटायला लागलो.