चौथ्या दिवशी वेचणीले

चौथी शिकलो. जसं झालं तसं लिहितो.

दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या गवतावरून शेजारच्या शेतवाल्यानं माझ्या बायकोले फावड्याच्या दांड्यानं मारलं. खांद्यावर दोन, पाठीवर एक. मी विहिरीवर होतो. धावत गेलो तवा ती मातीत बसून होती अन् तो वरून शिव्या देऊन राह्यला होता.

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. हाड शाबूत. खांदा काळानिळा, हात वर जाईना, पण कागदावर लिहिलं, मुका मार.

ठाण्यातल्या हवालदारानं समजावलं. "हे पाहा बाबाजी, हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, तर गंभीर. नाई तर पंधरा दिवस दुखण्यानं बेजार राह्यली, रोजचं काम झालं नाई, तरी गंभीर. बाकी सारं साधं. पंधरा दिवसांनी येजा, जबाब घेतो."

कापूस फुटून लोंबत होता, मजूर भेटत नव्हते. चौथ्या दिवशी तिनं कमरेले कापूस वेचायची ओटी बांधली.

"निजून राह्य ना," मी म्हटलं.

"मी निजली तर वेचन कोण? तुम्ही वेचता तं अर्धा कापूस बोंडातच राह्यते."

डाव्या हातानं वेचत राह्यली.

सोळाव्या दिवशी मी ठाण्यात गेलो. हवालदारानं विचारलं, "बाई काम करते का?" मले वाटलं, हा तिले कामचोर समजून राह्यला. ताठ होऊन सांगितलं, "आमची बसणारी नाई, साहेब. चौथ्या दिवशीच वेचणीले गेली."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मग लिहिलं. मी खाली सही केली.

साध्या दुखापतीचं कलम लागलं. मारणारा दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हसत उभा.

तिले सांगितलं तर म्हणाली, "अन् मी रोज कण्हते, ते नाई सांगितलं?"

"त्यानं विचारलंच नाई."

"मग माह्या कामाचं कौतुक तरी काऊन केलं? जलमभर नाई केलं, अन् ठाण्यात जाऊन केलं!"

वैशाखात ती तापानं गेली. तारीख त्याच्यानंतर लागली. कोर्टात मारणाऱ्याच्या वकिलानं तोच जबाब वाचला. "चौथ्या दिवशी बाई कामावर गेली. बरोबर?"

मी म्हटलं, "साहेब, मरेपर्यंत तिचा हात डोक्यापर्यंत गेला नाई. वेणी मी घालून देत होतो."

"विचारलं तेवढंच सांगा. गेली होती का नाही?"

मी हो म्हटलं.