गृहविज्ञानापुढची खूण

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही. देवाला सांगायचा प्रश्न नव्हता, तो तेव्हा घरातच होता. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुशीला ओळखत नाही.

सुशी माझी धाकटी नणंद. आम्ही म्हैसूरचे मराठे, पणज्याच्याही आधी कुणी राजाच्या फौजेत होता म्हणून इथले झालो. घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड. सुशी मला वहिनी नाही, कन्नडातलं अत्तिगे म्हणे. मी बन्नूरहून लग्न होऊन आले, तिथल्या कन्नड शाळेत चौथी पास. सासऱ्यांना कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. नवरा लॉरीवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. मग रेशनची चिठ्ठी असो की नगरपालिकेची नोटीस — सासरे मलाच हाक मारत, “बाई, बघ गं, काय म्हणतायत हे?” सुशी वाचू शकत होती, तरी मलाच. आणि बदल्यात त्यांनी मला पाटीवर मराठी अक्षरं शिकवली. आत्ता हे लिहितेय ती अक्षरं त्यांचीच.

सुशी सातवी झाली. हायस्कुलात जाताना विषय निवडायचे होते. मुलींना एक तर गणित-विज्ञान, नाही तर गृहविज्ञान — म्हणजे स्वयंपाक, शिवण, मुलांची निगा. आणि नेमक्या तेव्हाच तिला कांजिण्या आल्या. आमच्यात म्हणतात, अंगावर अम्मा, म्हणजे देवी आली. तिसरी आंघोळ होईपर्यंत खोलीबाहेर यायचं नाही, कागदाला आणि शाईला शिवायचं नाही. फॉर्म तिच्या मैत्रिणीनं उंबऱ्याबाहेरूनच माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी शाळेत पोचायला हवा होता.

पडद्याआडून सुशी ओरडली, “अत्तिगे, गणित-विज्ञानावर खूण करा हं! विसरलात तर ही अम्मा तुमच्याकडं पाठवीन.”

मी हसले. सासरे म्हणाले, “ती म्हणते तसं कर.” आणि मी दाखवलं तिथे त्यांनी सही केली.

खूण मी गृहविज्ञानापुढे केली.

का? विज्ञानाच्या मुली प्रयोगासाठी संध्याकाळपर्यंत थांबत. नळाला पाणी चारला येई, माझ्या कडेवर तान्ही लेक होती. हे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. खोटं नाही ते. पण खरं ते नव्हे. खरं हे, की जेवताना सुशी शाळेतलं काही सांगायला लागली की सासऱ्यांचा हात ताटातच थांबायचा. मी काही वाचून दाखवताना तो कधी थांबला नाही. त्या घरात शिकलेली बाई म्हणजे मी — ती अजून तीन वर्षं विज्ञान शिकली असती तर मी कोण उरले असते? एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मी ते तुमच्यापासून लपवलं नसतं.

तिला बरं वाटलं, ती शाळेत गेली, आणि दुपारी परत आली ती तोंड पाडून. यादीत नाव गृहविज्ञानात. सासऱ्यांनी कोट चढवला, मुख्याध्यापिकेला विचारतो म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही कशाला मामंजी? ऑफिसात कागद दाखवतील, तुम्हाला वाचून कोण दाखवणार? मी जाते.” त्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

तेव्हा सगळं सुधारता आलं असतं. नावं आठवडाभर बदलून मिळत होती, सुशीनंच सांगितलं होतं. आत जाऊन, माझ्याकडून चूक झाली, एवढं म्हणायचं. मी फाटकापर्यंत गेले. समोर चिंचेखाली एक बाई कनकांबरं, म्हणजे अबोली, विकत होती. तिच्याशी बोलत उभी राहिले, एक मोळ, म्हणजे हातभर, फुलं घेतली आणि घरी आले.

“शाळेनंच बदललं,” मी सांगितलं. “गणितात मार्क कमी पडले म्हणे. एवढं डोकं नाही चालणार, म्हणाल्या.”

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी का घातलं, आजही कळत नाही — की कळतं?

मी ती फुलं सुशीच्या वेणीत माळली. तिनं माळू दिली. सासरे म्हणाले, “शाळेला कळतं बाई,” आणि पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

ती शिवण शिकली, लग्न झालं, घरी मशीन टाकलं. निम्मी गल्ली तिच्याकडून पोलकी शिवून घेते. कापडाचा तुकडा नुसता हातावर घेते आणि सांगते, दोन होतील, बाही तिरकी काढली तर तीन. पेन्सिल लागत नाही. माझा एक खांदा उतरलाय, तो दिसू नये म्हणून एका बाजूला किती जास्त धरायचं, हेही तिला मनातल्या मनात जमतं.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे माप द्यायला गेले होते. तिची नात वही घेऊन आली, हिशेबाचं गणित अडलं होतं. सुशीनं टेप माझ्या पाठीवर धरलेली. म्हणाली, “मला नको गं विचारू. माझं डोकं त्यातलं नाही. शाळेनंच सांगितलेलं — विचार या अत्तिगेला, याच तर जाऊन विचारून आल्या होत्या.”

नात माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, “हो.”

सुशीनं माप वहीत लिहिलं. पोलकं परवा देते म्हणाली. ते काल मिळालं, बरोबर बसलंय. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिला मी सांगितलेलं नाही.